सात नंबरचा फिल्टर

माझ्या धाकट्या जावेला बावीस वर्षं वाटत होतं की मी कापडाच्या कंपनीत आहे. घरात मी नेहमी "आज धागा खराब निघाला", "धाग्याची लॉट परत आली" असं बोलायचे, त्यामुळे तिची काही चूक नाही. एका लग्नात तिने माझी ओळख करून दिली आणि तिच्या माहेरच्या एका बाईने मला सुती साडीचा घाऊक भाव विचारला. मी म्हणाले, "बाई, आमचा धागा नेसायचा नसतो. त्याची भोकं मोजायची असतात." त्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे नोकरीभर माझ्या ओळखीची झाली.

तर मी भोकं मोजत होते. मलकापूरजवळच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. रोज सकाळच्या एसटीने बुलढाण्याहून राजूर घाट उतरायचा आणि संध्याकाळी तोच चढायचा. कारखान्यात प्लास्टिकचा पोकळ धागा तयार व्हायचा. केसापेक्षा थोडा जाड, आतून नळीसारखा. अशा हजारो धाग्यांचा जुडगा एका नळकांड्यात बसवला की झाला फिल्टर. धाग्याच्या भिंतीला भोकं असतात. लहान गोष्ट भिंतीतून बाहेर जाते, मोठी आतच राहते. पाण्यातले जंतू अडवायचे असोत, औषधाच्या कारखान्यात काही गाळायचं असो, की किडन्या गेलेल्या माणसाचं रक्त साफ करायचं असो, सगळा खेळ त्या भोकांच्या मापावर. आणि ती भोकं इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जन्मभर बसलात तरी दिसणार नाहीत.

मग मोजायची कशी? समजा, अंधारात कोणी तुमच्या हातात चाळणी दिली. वरून राजगिरा टाका, बाजरी टाका, ज्वारी टाका, हरभरा टाका आणि खाली काय पडलं ते चाचपून पाहा. ज्वारी पडली आणि हरभरा अडकला, तर भोक त्या दोघांच्या मधलं. आमचं काम एवढंच. फक्त ज्वारी-हरभऱ्याच्या जागी आम्ही डेक्स्ट्रान वापरायचो.

डेक्स्ट्रान म्हणजे एक पांढरी भुकटी. साखर खाऊन एक जिवाणू ती बनवतो. उसाचा रस शिळा झाला की चिकट होऊन त्याला तार सुटते, ती त्याच जातीच्या जिवाणूची करामत. साखरेचा एकेक मणी जोडत तो लांब माळ करतो आणि मधूनमधून माळेला फांद्या फोडतो. पाण्यात गेली की ही फांद्यांची माळ अंग आखडून गोळा होऊन बसते. लहान माळेचा गोळा लहान, मोठीचा मोठा. सगळ्या मापांचे गोळे एकाच पाण्यात मिसळायचे, ते पाणी धाग्यातून हळूहळू दाबायचं आणि बाहेर झिरपलेलं पाणी यंत्रात घालायचं. कोणत्या मापाचे किती गोळे पार झाले याची रेघ यंत्र काढून देतं. ज्या मापाला रेघ खाली येऊन बसते, ते तुमच्या भोकाचं माप. यात "हळूहळू" हा शब्द महत्त्वाचा. घाई करून दाब वाढवला की चिखलीच्या स्टँडवर एसटीच्या दारात होते तशी मोठ्या गोळ्यांची भोकांच्या तोंडाशी गर्दी होते आणि माप खोटं येतं. नव्या इंजिनियर पोरांना हे पटायचं नाही. त्यांचे दिवसभराचे रिपोर्ट मी त्यांच्यासमोर फाडलेले आहेत. स्वभाव तसा माझा पहिल्यापासून तिखट.

आणखी एक माझा नियम होता. नमुन्यावर नाव नको, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा ही यादी नमुना आणणाऱ्याच्या खिशात राहील, मला दाखवायची नाही. हा नियम मी दुसऱ्या कोणावर अविश्वास म्हणून केला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला साहेबांच्या आवडत्या लॉटची रेघ मला उगाचच चांगली दिसली होती. दुसऱ्या दिवशी तीच रेघ नाव झाकून पाहिली तर वाईट होती. माझीच मला लाज वाटली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. खारपाणपट्ट्यातल्या एका गावचे सरपंच एकदा गावच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा पडदा पोत्यात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, याची भोकं जराशी मोठी करून द्या. पाणी लई हळू येऊन राह्यलं. लायनीत बायायची भांडणं होऊन राह्यली."

मी सांगितलं, भाऊ, भोकं मोठी केली तर पाणी येईल पण खारंच येईल. आमच्या डेक्स्ट्रानचा सगळ्यात लहान गोळासुद्धा या पडद्यातून जात नाही, मी याची भोकं मोजूही शकत नाही.

"मोजता बी येत नाही अन् वाढवता बी येत नाही," सरपंच म्हणाले, "मंग इतल्या दिवसाची करून काय राह्यल्या तुम्ही?"

 चहा पाजून त्यांना पाठवलं आणि आठवडाभर विभागात सगळे एकमेकांना हेच विचारत होते.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला आठवली ती एकच गोष्ट, आणि ती हसण्यासारखी नाही.

आमच्या धुलाई विभागात गजानन नावाचा माणूस होता. धागा तयार झाला की त्यात राहिलेली रसायनं गरम पाण्याने धुऊन काढावी लागतात. अकरा वर्षं तो ते काम करत होता आणि त्याच्यासारखा धुणारा मी पाहिला नाही. त्याला ते काम मी शिकवलं होतं. माझं एकच सांगणं असायचं, डाग दिसला की परत धुवायचं, पांढरा म्हणजे पांढरा. बाकीचे कुरकुर करायचे. गजानन चौथ्यांदा, पाचव्यांदा धुवायचा आणि जुडगा उजेडात धरून मला दाखवायचा. मी मान हलवली की त्याचा चेहरा खुलायचा.

आई लहानपणीच गेलेली, त्याला मोठ्या बहिणीने वाढवलं होतं. कमलताई तिचं नाव. विधवा, मूलबाळ नाही, राहायची गजाननकडेच. तिच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तेव्हा या माणसाने चाळिशीच्या तोंडावर डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स केला, कारखाना सोडला आणि एका धर्मादाय सेंटरमध्ये नोकरी धरली. गावाचं नाव सांगत नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मी म्हटलं, पगार कमी आहे तिथे. तो म्हणाला, "ताई माह्या डोळ्यासमोर राहीन मॅडम." 

डायलिसिसचा फिल्टर म्हणजे आमच्याच धाग्याचा भाऊबंद. रक्त धाग्यांच्या आतून जातं, बाहेरून औषधी पाणी फिरतं, रक्तातली घाण भोकांतून पाण्यात उतरते आणि रक्तातलं प्रोटीन मोठं म्हणून आत राहतं. फिल्टर महाग, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो एकदा वापरून फेकत नाहीत. ज्याचा त्याचा फिल्टर, त्यावर त्याचं नाव, धुऊन जंतुनाशकात ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्यालाच लावायचा. नियमाने केलं तर यात काही गैर नाही. गजानन तिथे गेला आणि साहजिकच फिल्टर धुणं त्याच्याकडे आलं.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं असेल, तेव्हा एक दिवस तो कारखान्याच्या दारात आला. बरोबर खोका. चेहरा उतरलेला.

"मॅडम, आमच्या काही पेशंटचे पाय सुजून राह्यले. रक्तातलं प्रोटीन कमी होऊन राह्यलं. डॉक्टर म्हणतात खाण्यात कमी आहे, अंडे खा, डाळ खा. ताई अंडे खाऊन राह्यली मॅडम. साठी गाठली, जन्मात कधी हात लावला नाही तिनं अंड्याले. नाक दाबून खाते. तरी प्रोटीन खालीच." मग आवाज बारीक करून म्हणाला, "मले वाटते कंपनीनं फिल्टरच खराब पाठवले. तुम्ही भोकं मोजून द्या. अशी राह्यली तर ताई दिवाळी पाहत नाही."

साहेबांची परवानगी घेतली. वापरून बाद झालेले, जंतुनाशकाने धुतलेले आठ फिल्टर त्याने आणले होते आणि तुलनेला एक कोरा. माझा नियम त्याला पाठ होता. नावाच्या चिठ्ठ्या काढून त्याने आपल्या हाताने नंबर टाकले होते आणि यादी शर्टाच्या खिशात घातली होती.

काम चार दिवस चाललं. कोऱ्या फिल्टरची रेघ जिथे बसायला हवी तिथे बसली. म्हणजे कंपनीचा माल ठीक. एक, दोन, तीन, चार किरकोळ इकडेतिकडे. पाच आणि सहाची रेघ लांबली, म्हणजे भोकं थोडी मोठी झालेली. आठ ठीक. आणि सात नंबरची रेघ बसेचना.

मी स्क्रीनसमोर उभी होते ती खुर्चीत बसले. रक्तातल्या प्रोटीनपेक्षा कितीतरी मोठे गोळे त्या भिंतीतून सरळ चालत बाहेर आले होते. मला पटलं नाही. यंत्र धुतलं, डेक्स्ट्रानचं पाणी नव्याने केलं, दाब निम्मा केला, परत चालवलं. तीच रेघ. इतकी वर्षं भोकं मोजली, पण माणसाला लावलेल्या फिल्टरची अशी रेघ मी कधी पाहिली नव्हती.  हा फिल्टर ज्याला लावला असेल त्याचं प्रोटीन आठवड्यातून दोनदा नालीत वाहून जात होतं आणि तो बिचारा सुजलेल्या पायांनी घरी जात होता.

मग मी नळकांडं हातात घेऊन नीट पाहिलं. बाकीच्या वापरलेल्या फिल्टरांच्या टोकाशी तपकिरी डाग होते, पाच-सहावर जरा फिके. जुनं रक्त कितीही धुतलं तरी थोडं राहतंच. सात नंबर मात्र पांढराशुभ्र होता, नुकता खोक्यातून काढल्यासारखा. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्लीच. आम्ही कारखान्यात फक्त गरम पाण्याने धुवायचो, पण रक्ताचा डाग पाण्याने जात नाही, म्हणून तिथे ब्लीच वापरतात. सौम्य करून, मोजकी मिनिटं. जास्त तीव्र किंवा जास्त वेळ ठेवलं तर ते डागाबरोबर धाग्याची भिंतही खातं. भोकं रुंदावत जातात. दिसत काहीच नाही, उलट धागा नव्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी गजानन आला. मी रागाने फणफणत होते. त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"कंपनीचा माल चांगला आहे. तुमच्याकडे कोणीतरी ब्लीच ओतून राह्यलं. अन् हा सात नंबर कोण्या गाढवानं धुतला? धुतला नाही बे, जाळला! याच्यातून प्रोटीन सरळ गटारात जाऊन राह्यलं. ज्याले हा लावला त्यानं अंडे खाल्ले काय अन्..."

अंडे हा शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले.

गजाननने खिशातली यादी काढलीच नाही. नळकांड्याकडे पाहत उभा राहिला.

"सात नंबर ताईचा हाय मॅडम."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तो मी दुसऱ्या कोणाले धुऊ देत नाही," तो म्हणाला. "बाकीच्यायचे जराशे ठेवतो, तिच्यावाला तासभर ठेवतो. ब्लीच बी जास्त टाकतो. एक डाग राहू देत नाही. तुम्हीच सांगतलं होतं नं, पांढरा म्हणजे पांढरा."

तो मला दोष देत नव्हता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. शाळेतला मुलगा पाठ केलेलं म्हणून दाखवतो तसं त्याने ते म्हटलं.  आमच्या गरम पाण्यात ज्या शिकवणीने कोणाचं वाकडं झालं नव्हतं, ती हा माणूस इमानाने बरोबर घेऊन गेला होता आणि जिच्यावर जीव टाकत होता तिच्याच फिल्टरवर सगळ्यात कसोशीने वापरत होता.

"पण तो मापात बसे मॅडम," तो कळवळून म्हणाला. "दरवेळी पाणी भरून माप घेतो आम्ही. ताईचा फिल्टर सगळ्यात चांगला बसे."

तेही खरं होतं. सेंटरमध्ये जे माप घेतात ते धाग्यांच्या नळ्या तुंबल्या नाहीत ना, एवढंच सांगतं. भिंतीची भोकं केवढी झाली ते त्यात कळत नाही. जितकं ब्लीच जास्त, तितक्या नळ्या मोकळ्या आणि तितका फिल्टर पास. मी हे समजावत होते आणि तो मान हलवत होता. ऐकत होता की नाही, देव जाणे.

डॉक्टरांना त्याने त्याच दिवशी सांगितलं, माझ्यासमोर फोनवर, स्वतःचं नाव घेऊन.  मग सगळे धुतलेले फिल्टर फेकले गेले, नवे आले, ब्लीचची मात्रा आणि वेळ भिंतीवर लिहून लागली. कमलताईंच्या पायांची सूज तीनेक महिन्यांत उतरली. प्रोटीन सावकाश वर आलं. दिवाळीला गजाननने फोन केला, ताईने अंडी सोडली म्हणून. मी फोन ठेवून रडले.

निवृत्त झाल्यावर मी कमलताईंना भेटायला सेंटरवर गेले. गजाननने त्यांना फक्त "फिल्टर खराब निघाले" एवढंच सांगितलं होतं. माझ्या वाटची चूक मला माझ्या तोंडाने सांगायची होती. त्यांचं मशीन चालू होतं. मी खाटेशेजारी बसले आणि ब्लीच, भोकं, माझी ती शिकवण, गजाननची धुलाई, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. भावावर त्या चिडतील असं मला वाटलं नव्हतंच. पण त्यांनी जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मंग तो फेस कायचा होता?"

"कोणता फेस?"

"बाकीच्यायच्या नळीतून वाया जाणारं पाणी साधं. माह्यावाल्या पाण्याले फेस. डाळ उकळल्यावानी."

 अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर फेस येतो, तसा प्रोटीनच्या पाण्यालाही येतो. तो फेस म्हणजे त्यांचंच प्रोटीन होतं. महिनोन् महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नालीत जात होतं. मी ते त्यांना सांगितलं.

"मले वाटलं, घाण निघून राह्यली," कमलताई म्हणाल्या. "भाऊ चांगला धुते म्हणून माही घाण जास्त निघते. सगळ्यायले दाखवलं मी, पाहा म्हटलं माह्या भावाचं काम. मंग तिघं जण माह्या मांगं लागले. आमचा बी तसाच धुवाले सांग म्हणे गजाननले. मी सांगतलं. वशिला लावला त्यायचा."

पाच आणि सहा नंबरची रेघ का लांबली होती, ते मला तेव्हा कळलं.

"तिघं कोण?" मी विचारलं.

त्यांनी दोन नावं सांगितली. दोघंही ठीक होते. मग शेजारच्या खाटेकडे पाहिलं. त्या खाटेवर आता दुसरंच कोणी होतं.

"अन् पुंडलिकभाऊ. एसटीत कंडक्टर होते. लई हसवत आमाले. गजानन तुमच्याकडे खोका घेऊन आला नं, त्याच्या पंधरा दिवस आंधी गेले ते. पाय सुजेल होते त्यायचे बी." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यायचा नंबर कोणता होता बाई?"

त्यांचा नंबर नव्हता. माणूस गेला की त्याचा फिल्टर त्याच दिवशी फेकतात. आठांत तो नव्हताच. मी तसं सांगितलं.

"म्हणजे मोजता येत नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं होतं, डायलिसिसवरच्या माणसाला हृदयाचा त्रास होतोच, हे सगळं मी सांगितलं. ते खरंही आहे. पण सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. कमलताईंनी मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं.

"गजाननले हे सांगू नका. माह्या सांगण्यावरून त्यानं भाऊचा फिल्टर धुतला, हे त्याच्या ध्यानात नसन. त्याच्या वाट्याले माह्यावालं आलं तेवढंच लई झालं."

मी सांगितलं नाही. वर्षभर मनात ठेवलं. मग या अंकासाठी लेख मागितला गेला. साडीचा भाव आणि सरपंचांची गोष्ट झरझर लिहून झाली आणि पुढे पेन चालेना. नुसतं हसवून लेख संपवायचा, हे मला माझंच ढोंग वाटायला लागलं. शेवटी सगळं खरं लिहून काढलं आणि महिन्यापूर्वी कमलताईंकडे सेंटरवर गेले, वाचून दाखवायला. त्यांनी नको म्हटलं असतं तर कागद फाडून टाकणार होते.

त्या म्हणाल्या, "छापा. जिथं जिथं फिल्टर धुतात तिथल्यायनं वाचलं पाह्यजे. नावं बदला म्हणजे झालं. पण लोकायच्या आंधी गजाननले वाचू द्या."

"त्याला सांगू नका म्हणाला होतात ना?"

"तवा म्हटलं. आता मले बी झेपत नाही."

गजानन बाहेर व्हरांड्यात होता. मी पानं त्याच्या हातात दिली आणि समोरच्या बाकावर बसले. तो भिंतीला टेकून उभ्याउभ्या वाचत होता. फेसाचं पान आलं ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. ते त्याने वाचलं, उलटून पुढचं वाचलं, परत मागे आला. मग पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली.

"मॅडम, मले याद हाय," तो म्हणाला. "भाऊचा फिल्टर सहा डाव धुतला मी तसा. तुमच्या लॅबमधी तुम्ही सात नंबर म्हटलं नं, त्याच मिनिटाले मले भाऊ आठवले."

"मग बोलला काऊन नाहीस?"

"ताईले कळलं असतं. तिच्या सांगण्यावरून धुतला होता. आपल्यापायी माणूस गेला म्हणून ती मशीनवर चढली नसती पुन्हा."

 वर्षभर ही दोघं एका घरात राहत होती, एका चुलीवरचं जेवत होती. आठवड्यातून दोनदा तो तिला सुया टोचत होता आणि ती हात पुढे करत होती. एकमेकांना कळू नये म्हणून दोघंही तीच एक गोष्ट गिळून बसली होती. आणि मी, जन्मभर न दिसणारं मोजल्याचा तोरा मिरवणारी, दोघांनाही ओळखत असून मला काही दिसलं नव्हतं.

गजानन आत गेला. बहीणभावांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी आत गेले नाही. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तोंड धुऊन आलेला.

"पुंडलिकभाऊच्या घरी जावं लागते," तो म्हणाला. "वहिनीले सांगावं लागते. छापून आलेलं दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर बरं नाही. ताई बी येतो म्हणते, मशीन नसते त्या दिवशी. तुम्ही येता काय?"

मी हो म्हटलं. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पुंडलिकभाऊंची बायको गावी एकटीच राहते. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलते, मला सगळं ऐकू येत होतं. तिने गजाननला लगेच ओळखलं. ताईची तब्येत विचारली, सूज उतरली का विचारलं.

"वहिनी, आम्ही तिघं जण बुधवारी येऊन राह्यलो तुमच्याकडे," गजानन म्हणाला.

"काऊन, काही काम काढलं काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. 

"भेटाले," तो म्हणाला.

"या मंग," ती म्हणाली. "तुही लई याद काढत ते. गजानन मायसारखं करते म्हणत माहं. जेवाले या, उपाशी येजा. ताईले मीठ चालत नाही नं? तिच्यासाठी मी अलग भाजी करतो."